न आलेल्यांचा बातमीदार

दिगंबरराव मला आधी ऐकू आले आणि दिसले नंतर. भूमच्या पोस्टात तारबाबू म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. गावात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी जवळच्या एका गावच्या जत्रेला गेलो. कुस्त्यांचं मैदान अजून बरंच लांब होतं, तोवर भोंग्यातून आवाज आला, "बसा, बसा, पुढचे खाली बसा! तुमच्या पाठीवर कुस्ती दिसत नाही मागच्यांना!" काय आवाज होता महाराज! मी मनाशी म्हटलं, हा कुणीतरी सहा फुटी, मिशीवाला, उतारवयातला पैलवान असणार. जवळ जाऊन बघतो तर काय, बाभळीखाली एका टेबलाशी माझ्या खांद्याला लागेल एवढासा माणूस बसलेला. अंगात काळा कोट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस पोस्टाच्या खिडकीत आला आणि इतक्या हळू बोलला, की मला दोनदा "काय म्हणालात?" करावं लागलं. मला वाटलं, काल ओरडून घसा बसला असेल. पुढं कळलं, रोजचा आवाज हाच. भोंगा पुढं नसला की दिगंबररावांना आवाजच नसायचा.

तहसील कचेरीत ते रेकॉर्डचे कारकून होते. मूळ घर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. देवीच्या पूजेची पाळी भावांकडं सोपवून यांनी निजामाच्या अमलात नोकरी धरली. तेव्हा सगळ्या फायली उर्दूत. विलीनीकरणानंतर कारभार मराठीत आला आणि चाळिशीच्या आत-बाहेर असलेल्या या माणसाला मसुदे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. त्याची त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण बोलण्यात मधूनच "खुलासा करा", "तकलीफ देतो" असं यायचं. बायको वारलेली. एका खोलीत राहायचे, सकाळीच एकदा भाकरी थापायचे आणि संध्याकाळी त्यातलीच उरलेली खायचे. मी एकदा म्हणालो, "अहो, संध्याकाळी निदान गरम तरी खात जा." तर म्हणाले, "एकट्यासाठी दोनदा चूल पेटवायला शरम वाटते हो, बाबू."

पगार तहसीलचा आणि जीव खेळात, असा हा माणूस. जत्रेतल्या कुस्त्या भोंग्यावर सांगायचे. वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर खेळाच्या बातम्या लिहायचे. आणि सोलापूरच्या एका दैनिकाला कुस्त्यांची वार्तापत्रं पाठवायचे. तिन्ही कामं एकाच माणसाची, पण तिन्हींत तो वेगळा. भोंग्यावर एकच गोष्ट चारदा सांगायचे, नावं ताणून घ्यायचे, मध्येच हरवलेल्या पोराचा पुकारा करायचे. फळ्यावर मात्र बारा शब्दांच्या पुढं जायचे नाहीत. मी विचारलं, "बाराच का? तेरावा लिहिला तर तहसीलदार रागावतील?"

"बाजारचा माणूस थांबत नाही हो. त्याच्या डोक्यावर पाटी असते. त्यानं चालता चालता वाचलं पाहिजे."

या बारा शब्दांपायी एकदा मोठी गंमत झाली. क्रिकेटचा कसोटी सामना अनिर्णित राहिला होता. आता 'अनिर्णित' हा शब्द भूमच्या बाजारात कुणाला कळायचा? दिगंबररावांनी कुस्तीतला शब्द घेतला आणि लिहिलं, 'बरोबरीत सुटली.' शेळ्या विकायला आलेला एक म्हातारा फळ्यापुढं उभा राहिला. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं, "कोण पडलं ओ?"

"कुणीच नाही, बाबा. बरोबरीत सुटली."

"किती येळ चालली?"

"पाच दिवस."

म्हाताऱ्यानं हातातली शेळीची दोरीच सोडली. "पाच दिस? आन पंच काय झोपले व्हते का?"

मी तर पोट धरून हसलो. दिगंबरराव हसले नाहीत. म्हाताऱ्याचा सवाल त्यांना रास्त वाटला. आपलं लिहिणं त्याला समजलं नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं. त्यांनी फळा पुसला आणि खडूनं नवं लिहिलं, 'वेळ संपल्यानं पंचांनी सोडवली.' म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. तो "हां, मंग ठीक हाय" म्हणून शेळीमागं गेला.

पेपरासाठी लिहायला बसले की हाच माणूस तासन् तास बसायचा. पोस्टातल्या माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांची जागा ठरलेली. एक वाक्य खोडायचे, तेच पुन्हा लिहायचे. मी वैतागायचो. "अहो, लोकांनी कुस्ती पाहिलीय की डोळ्यांनी! एवढं काय कोरताय?"

"ज्यांनी पाहिली त्यांच्यासाठी नाहीच हे. भोंगा आलेल्यांसाठी, फळा जाणाऱ्यांसाठी. पेपर न आलेल्यांसाठी असतो."

"न आलेले म्हणजे कोण? जत्रा चुकवणारे आळशी?"

"असतं एखादं माणूस," ते म्हणाले आणि पुन्हा खाली बघून लिहू लागले.

ते माणूस कोण, हे मला रेडिओमुळं कळलं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानात बॅटरीवरचा रेडिओ होता. सामना असला की पाच-पंचवीस माणसं पोत्यांवर बसून ऐकायची. निवेदन बरंचसं इंग्रजीत. दिगंबररावांना त्यातलं अर्धंमुर्धं समजायचं, पण ते डोळे मिटून सगळं ऐकायचे. एका दुपारी सामना संपल्यावर परतताना मला म्हणाले, "त्या बोलणाऱ्याची मला कीव येते."

"का हो? एवढा फाडफाड बोलतो."

"बोलतो. पण ऐकणारं एक तोंड त्याला दिसत नाही. मी भोंग्यावर चुकलो तर दहा जण ओरडून सांगतात. ह्याचं कुणी ऐकतंय की नाही, हे ह्याला कसं कळावं? माझ्या पेपरातल्या लिखाणाचं तसंच आहे बघा."

मग रस्त्याच्या कडेला, एका चिंचेखाली थांबून त्यांनी मला माधवचं सांगितलं. माधव त्यांचा एकुलता एक मुलगा. लहानपणी त्याला मांडीवर घेऊन हे कुस्त्या सांगायचे. पोराला नाद लागला. त्याला खेळायचं होतं. यांचं म्हणणं, आपण सांगावी, खेळू नये. पुजाऱ्याच्या पोरानं चारचौघांत लंगोट लावायचा म्हणजे काय? पोरानं ऐकलं नाही. चोरून तालमीत जाऊ लागला.

"एका जत्रेत माझ्या हातात जोडांची चिठ्ठी आली," दिगंबरराव सांगू लागले. "वाचता वाचता नाव आलं, माधव. वर पाहिलं तर माझाच माधव अंगाला माती लावतोय. बाबू, माझं भान सुटलं. भोंगा तोंडाशी होता. मी म्हणालो, ही जोड रद्द. हा आमच्या घरचा कार्टा आहे, देवाची पूजा टाकून इथं आलाय. कपडे घाल आणि चालता हो. सगळी जत्रा हसली हो. हलगीवाल्यानं वर दोन टोले दिले." त्यांनी चष्म्याची काडी कानावर नीट बसवली. "त्यानं कपडे घातले आणि चालता झाला. घरी आलाच नाही. सोलापूरला गिरणीत लागला. मी पत्रं लिहिली. एकालाही उत्तर नाही."

पुन्हा चालायला लागल्यावर ते म्हणाले, "हेच घरात बोललो असतो तर चार भिंतींत राहिलं असतं. फळ्यावर लिहिलं असतं तर पुसलं असतं. भोंग्यावरचा शब्द कसा गोळा करायचा?"

माधव सोलापुरात ज्या तालमीत जायचा, तिथं संध्याकाळी पेपरातल्या कुस्त्या मोठ्यानं वाचतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून यांनी पेपराचं काम धरलं. मी म्हणालो, "पण तुमचं नाव कुठं छापतात? नुसतं 'आमच्या बातमीदाराकडून'. त्याला कसं कळणार कुणी लिहिलंय?"

"मी कुस्ती पायापासून सांगायला लागतो. बाकीचे हातापासून सांगतात. त्याला मांडीवर घेऊन अशीच सांगायचो. कळेल त्याला." मग जरा दबकत त्यांनी मलाच विचारलं, "कळेल ना, बाबू?"

मी "कळेल की!" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतरच्या चैत्रात सोनारीला काळभैरवाची जत्रा भरली. तिथलं मैदान मोठं. शेवटची कुस्ती परंड्याकडच्या एका मेंढपाळाच्या पोराची, बिरूची, आणि त्याच्यासमोर सोलापूरचा तयार पैलवान. सोलापूरचा पैलवान होता माधवच्याच तालमीतला. बरोबर तालमीची पोरं ट्रकमधून येणार, असं समजलं होतं. दिगंबरराव आठ दिवस आधीपासून अस्वस्थ होते. कोट धोब्याकडं देऊन आले. आरशात बघून मला विचारलं, "मी फार म्हातारा दिसतो का हो?"

आता त्यांची एक रीत सांगायला हवी. शेवटची कुस्ती सुटायला दिवस मावळायचा, आणि बार्शीवरून सोलापूरला जाणारी एस.टी. त्याच सुमाराला निघायची. कुस्ती झाल्यावर लिहीत बसलं तर गाडी चुकणार आणि बातमी शिळी होणार. म्हणून ते एकाच कुस्तीची दोन वार्तापत्रं आधीच लिहून ठेवायचे. एकात हा जिंकलेला, दुसऱ्यात तो. दोन पाकिटं, कोटाच्या दोन खिशांत. पंचांच्या उजव्या हाताला उभा राहणारा पैलवान उजव्या खिशात, डावीकडचा डाव्या खिशात. पाकिटावर नाव लिहायचं नाही. कुस्तीआधीच निकालाचं पाकीट कुणी पाहिलं, तर पंचांवर बालंट यायचं आणि मैदानात दगडफेक व्हायची. निकाल लागला की योग्य ते पाकीट कंडक्टरच्या हातात आणि दुसरं फाडून टाकायचं. इतकी वर्षं एकदाही चूक झाली नव्हती.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. त्यांनी कोट काढून हातावर टाकला. सोलापूरचा ट्रक आला, तसे ते भोंगा दुसऱ्याकडं देऊन टाचा उंच करकरून बघायला लागले. मीही होतो शेजारी. एकेक पोरगं उतरत होतं. माधव त्यांत नव्हता. ट्रक पूर्ण रिकामा झाला, तरी ते बघतच होते.

कुस्ती झाली. बिरूनं सोलापूरच्या पैलवानाला निखळ चितपट केलं. मैदानभर फेटे उडाले. मैदानाकडेला उभ्या एस.टी.चा कंडक्टर घंटी मारत होता. दिगंबररावांनी हातावरच्या कोटातून पाकीट काढून त्याला दिलं आणि दुसरं न बघता फाडलं. कोट हातावर उलटा पडला होता. उजवा खिसा डावीकडं आला होता.

दोन दिवसांनी पेपर आला. सोलापूरच्या पैलवानानं बिरूला ढाक मारून कसं अस्मान दाखवलं, याचं झकास वर्णन होतं त्यात. पायापासून सुरुवात केलेलं. दिगंबरराव माझ्या खिडकीपुढं उभे होते. पेपर त्यांनी खिडकीत पसरला. म्हणाले, "बाबू, याहून चांगली कुस्ती मी उभ्या जन्मात लिहिली नाही. आणि ती झालीच नाही."

चौथ्या दिवशी बिरू आला. कुठून कुठून चालत, पायांवर धूळ, खांद्यावर घोंगडी, हातात घडी करून मळलेला तोच पेपर. बातमी लिहिणारे साहेब कोण, असं विचारत तो पोस्टात शिरला. दिगंबरराव उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हा यांची मानगूट धरतो. पोरगं केवढं धिप्पाड! पण ते समोर येऊन हात जोडून उभं राहिलं.

"साहेब, म्या पडलो व्हतो का?"

"नाही रे बाबा."

"गावात मास्तरनी वाचून दाखवलं. सारे म्हनत्यात, पेपरात आलंय म्हंजी खरं. बाप म्हनतो, तुला कळलं नसंल, पाठ लागली आसंल मातीला." बिरूनं पेपर पुढं धरला. "माझी पाठ न्हाय लागली, साहेब. व्हय ना?"

आजवर मी इतक्या मरणाच्या तारा घेतल्या, पण त्या पोराचं ते "व्हय ना?" माझ्यानं ऐकवलं नाही. दिगंबररावांनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तू जिंकलास. चूक माझी आहे. मी निस्तरतो."

आणि निस्तरायला लागले. पेपराला तार केली. तिचा मसुदा माझ्याकडं दिला, तेव्हा मी म्हणालो, "अहो, छपाईची चूक म्हणून कळवा. कोण विचारतंय? तुमचं काम तरी राहील." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी गप्प कागद ओढून घेतला. 'चूक बातमीदाराची' हे शब्द मी माझ्या बोटांनी पाठवले. पेपरात जाहिरातींच्या पानावर, खाली, दोन ओळींची दुरुस्ती आली. त्यामागोमाग संपादकांचं पत्र आलं. ते मीच त्यांच्या हातात दिलं. आभार मानले होते आणि यापुढं वार्तापत्रं पाठवू नयेत, असं कळवलं होतं.

"दुरुस्ती आली ना," ते म्हणाले.

"कुणी वाचली असेल ती? कपड्याच्या जाहिरातीखाली?"

"तेही खरंय," म्हणाले आणि फळ्याकडं गेले. आठ दिवस फळ्यावर दुसरं काही लिहिलं नाही. 'सोनारीत बिरू चितपट विजयी. पेपरातला निकाल खोटा. चूक माझी. दिगंबर.' बाजाराच्या दिवशी भोंगा लावून भर गर्दीत उभे राहिले आणि त्या मोठ्या आवाजात बिरूची कुस्ती पहिल्यापासून सांगितली. तहसीलदार हसले, वकील हसले. मीसुद्धा मनात म्हटलं, काय ही थेरं! पण बिरूचा बाप मेंढरं सोडून आला होता. तो सगळं ऐकून पोराचा हात धरून गेला.

बिरूचं निस्तरलं. यांचं काय? सोलापूरला जाणारी एकच वाट होती, ती बंद झाली. माझ्या टेबलाचा कोपरा रिकामा राहिला. ते यायचे, खिडकीशी उभे राहायचे आणि काही न घेता जायचे. मी "बसा की" म्हणायचो. "बसून काय करू?" म्हणायचे. त्या वर्षात हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेला. मला फार वाईट वाटायचं. त्यांना गरम जेवायला घरी बोलवावं, असं रोज मनात यायचं आणि मी ते कधी केलं नाही. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या चैत्रात पुन्हा सोनारी. भोंगा त्यांच्याकडंच होता, तो कुणी काढून घेतला नव्हता. मी टेबलामागं बसलो होतो. पंचांनी जोडांची चिठ्ठी दिली. वाचता वाचता ते थांबले. मी डोकावून पाहिलं. 'माधव, सोलापूर' एवढंच होतं. ना घराणं, ना बापाचं नाव.

मैदानात तो आलाही होता. उंच, रापलेला, कानाच्या पाळ्या मोडलेल्या. त्यानं टेबलाकडं एकदा पाहिलं. दिगंबररावांनी भोंगा तोंडाशी ओढला. मला भीती वाटली, आता हे काहीतरी बोलून बसणार. रडतील, माफी मागतील, पुन्हा सगळी जत्रा हसेल. त्यांनी घसा खाकरला आणि चिठ्ठीवर होतं तेवढंच वाचलं. "माधव. सोलापूर." इतर नावांसारखंच. ना कमी, ना जास्त.

माधवनं कुस्ती मारली. दिगंबरराव भोंग्यावर सांगत होते, पायापासून. एकाही शब्दात पक्षपात नव्हता. प्रतिस्पर्ध्याची चांगली पकडही त्यांनी वाहवा करून सांगितली. मग रिवाजाप्रमाणं विजयी पैलवान फेटा बांधून घ्यायला आमच्या टेबलाच्या ओट्यावर आला. पंच फेटा बांधत होते आणि तो बापापासून हातभर अंतरावर उभा होता. दोघंही समोर बघत होते. फेटा बांधून झाला. माधव पायरी उतरता उतरता थांबला. गिरणीत राहून त्याचं बोलणं पार बदललं होतं. बापाला हाक न मारता, पण त्यांच्याकडं बघून तो म्हणाला, "या खेपेला निकाल बराबर लिवा. आमच्या तालमीत वाचत्यात."

म्हणजे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं, प्रत्येक वेळी, कुणी लिहिलंय ते त्याला माहीत होतं.

"लिहितो," दिगंबरराव म्हणाले.

आपलं काम कधीच गेलंय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी सांगायला उठलो, तर त्यांनी माझं मनगट दाबून मला खाली बसवलं. माधव गर्दीत गेला. थोड्या वेळानं सोलापूरचा ट्रक गेला.

चार दिवसांनी त्या पेपरात दोन ओळी आल्या. सोनारीच्या कुस्त्या उत्साहात पार पडल्या, असं नव्या बातमीदारानं कळवलं होतं. नाव एकाही पैलवानाचं नव्हतं. पंधरवड्यात माझी बदली झाली आणि धावपळीत त्यांचा नीट निरोपही घेता आला नाही. त्यामुळं दिगंबरराव म्हटले की मला त्या जत्रेच्या दिवशीचेच दिसतात. मैदान रिकामं झालं होतं, उन्हं कलली होती, माझी गाडी हॉर्न देत होती. ते टेबलावर वाकून लिहीत होते. मी म्हणालो, "दिगंबरराव, चला. हे आता छापणार कोण?"

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले, "मला जरा वेळ लागेल. पहिलंच वाक्य जमत नाहीये."

मी गाडीत बसलो आणि खिडकीतून मागं पाहत राहिलो. भोंगेवाले त्यांच्या पायाखालून वायर ओढून गुंडाळत होते. ते एकेक पाय उचलून त्यांना वाट देत होते, आणि लिहीत होते.